नागासाकीहून परतलेला प्रवासी

१८९३ सालच्या जुलै महिन्यात कुमामोतोच्या सरकारी महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे एक परदेशी गृहस्थ सुटीत नागासाकी पाहावयास गेले. तेथला उकाडा आणि पाश्चात्त्य धर्तीचे हॉटेल त्यांना इतके असह्य झाले, की मुक्काम आटोपता घेऊन मिळेल त्या बोटीने ते परत फिरले. वाटेत मिसुमी नावाच्या लहानशा बंदरात एका जपानी खानावळीत ते थांबले. तेथे त्यांना इतके हायसे वाटले, की त्या काही तासांवर त्यांनी एक लेख लिहिला. तो त्यांच्या उत्तम लेखांपैकी एक मानला जातो. या गृहस्थांचे नाव लाफ्काडिओ हर्न. नागासाकीवर मात्र त्यांच्या हातून असे काही उतरले नाही.

वसईच्या वाचकाला ही गोष्ट सहजासहजी सोडून देता येत नाही. याच नागासाकीच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसावर चढवून मारण्यात आले. त्यांत आपल्या वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन ब्रदर गोन्सालो गार्सिया होते. जपानवर इतके प्रेम करणारा, जपानच्या भुताखेतांपासून किड्यामुंग्यांपर्यंत सर्वांवर मायेने लिहिणारा लेखक या शहरातून तोंड फिरवून का गेला असावा? त्या दिवशीचा उकाडा खराच असेल. परंतु हर्नची पुस्तके ओळीने वाचीत गेले म्हणजे त्याने नागासाकीकडे पाठ फिरविणे केवळ हवामानावर ढकलता येत नाही.

हर्नचा जन्म १८५० साली ग्रीसजवळच्या लेफ्काडा बेटावर झाला. त्या बेटावरूनच त्याला लाफ्काडिओ हे नाव मिळाले. वडील चार्ल्स हर्न हे ब्रिटिश सैन्यातील आयरिश डॉक्टर, आई रोझा ही ग्रीक. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन रोझा डब्लिनला सासरी आली. ना तिला तेथली भाषा कळे, ना तेथली हवा मानवली. १८५४ मध्ये ती मायदेशी गेली. पुढे १८५७ मध्ये चार्ल्सने तिच्याशी झालेला विवाह रद्द ठरवून घेतला. विवाहाच्या कागदावर तिची सही नाही, हे कारण दाखविले गेले. सही कोठून असणार? तिला लिहिताच येत नव्हते. चार्ल्सने दुसरा विवाह केला व नोकरीवर हिंदुस्थानात गेला. १८६६ मध्ये परतीच्या प्रवासात सुएझजवळ बोटीवर त्याचा अंत झाला. आईची आणि मुलाची पुन्हा कधीच गाठ पडली नाही.

मुलाला सांभाळले ते वडिलांच्या मावशीने. ही श्रीमंत विधवा स्वेच्छेने कॅथलिक झालेली होती, आणि तिने मुलालाही त्याच श्रद्धेत वाढविले. हर्नने पुढे बालपणाच्या ज्या तुटक आठवणी लिहून ठेवल्या, त्यांतील दोन आपण वाचायलाच हव्यात. घरात जेन नावाची एक अत्यंत धार्मिक तरुण नातेवाईक येत असे. देवाला का आवडून घ्यावे, असे निरागसपणे विचारणाऱ्या या मुलाला तिने नरकातील अग्नीचे सविस्तर वर्णन ऐकविले. त्या दिवसापासून मुलाच्या मनात तिच्याविषयी भीती आणि द्वेष बसला. पुढे एकदा त्याला घरातच तिची आकृती दिसली. तिने त्याच्याकडे वळून पाहिले, पण चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हते! पुढे जपानमध्ये त्याने चेहरा नसलेल्या भुताची लोककथा इतक्या खात्रीने सांगितली, तिच्यामागे डब्लिनचे हे घर उभे आहे.

दुसरी आठवण चित्राची आहे. त्याच्या खोलीत ग्रीक पद्धतीचे, तपकिरी रंगातले पवित्र मारिया आणि बाळ येशू यांचे एक लहान चित्र होते. ती तपकिरी मारिया म्हणजे आपली आई आणि तिच्या कुशीतला मोठ्या डोळ्यांचा मुलगा म्हणजे आपण, अशी या मुलाची समजूत होती. कॅथलिक घरात वाढलेल्या आपल्यापैकी कोणालाही हे वाचून क्षणभर थांबावेसे वाटेल. एकाच घरात, एकाच धर्माच्या नावाने, या मुलाला एक भिंत धाक घालीत होती आणि दुसरी भिंत आई देत होती. मोठेपणी त्याने पहिल्या भिंतीचा सूड घेतला. दुसरीविषयी तो फार थोडे बोलला.

इंग्लंडमधील डरॅमजवळच्या अशॉ येथील कॅथलिक महाविद्यालयात तो शिकायला होता. १८६६ मध्ये तेथे खेळताना त्याचा डावा डोळा गेला. उरलेला डोळाही अधू. छायाचित्र काढून घेताना तो नेहमी डावी बाजू पलीकडे वळवून बसे. त्याच सुमारास आजीबाईंची इस्टेट एका नातेवाइकाच्या धंद्यात बुडाली, आणि १८६९ मध्ये एकोणीस वर्षांच्या या मुलाला अमेरिकेची वाट दाखविण्यात आली. सिनसिनाटी शहरात तो अक्षरशः रस्त्यावर होता. हेन्री वॉटकिन नावाच्या एका इंग्रज मुद्रकाने त्याला छापखान्यात निवारा दिला, कामाला लावले. येथून तो वृत्तपत्रात आला. १८७२ पासून ‘सिनसिनाटी एन्क्वायरर’मध्ये लिहू लागला, आणि १८७४ मध्ये चामड्याच्या कारखान्यात झालेल्या एका भीषण खुनाच्या वृत्तान्ताने त्याचे नाव झाले.

ते वृत्तान्त आज वाचवत नाहीत. रक्तमांसाची वर्णने गरजेपेक्षा फार आहेत, आणि वाचकाच्या अंगावर काटा आणण्याची हौस लपत नाही. पण याच काळातील एक प्रसंग मला विसरता येत नाही. १८७६ मध्ये तो कळसावर चढणाऱ्या कारागिरांबरोबर सिनसिनाटीच्या सेंट पीटर कॅथीड्रलच्या शिखरावर, थेट क्रूसापर्यंत गेला आणि वरून दिसणाऱ्या शहरावर त्याने लेख लिहिला. एक डोळा आंधळा, दुसऱ्याने दूरचे धूसर! शहर त्याला कितपत दिसले असेल ते तोच जाणे. ख्रिस्तसभेवर रागावलेला हा तरुण बातमीसाठी का होईना, तिच्या सर्वांत उंच क्रूसाला बिलगून उभा राहिला होता.

याच सिनसिनाटीत त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे ऋण राहून गेले. १८७४ मध्ये त्याने अलीथिया, म्हणजे मॅटी फोली हिच्याशी विवाह केला. ती गुलामगिरीत जन्मलेली, मिश्र वंशाची स्त्री. त्याच्या खानावळीत ती स्वयंपाक करीत असे. ओहायो राज्यात गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला कायद्याने बंदी होती. बातमी फुटली आणि १८७५ मध्ये ‘एन्क्वायरर’ने त्याला काढून टाकले. येथवर आपली सहानुभूती त्याच्या बाजूची असते. पुढे संसार विसकटला आणि १८७७ मध्ये तो न्यू ऑर्लिन्सला निघून गेला, तो परतला नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९०६ मध्ये मॅटीने आपला हक्क मागितला, तेव्हा न्यायालयाने सांगितले, की तो विवाह कायद्याच्या दृष्टीने झालाच नव्हता. कागदावर सही नाही म्हणून जिची आई परकी ठरली, त्याच मुलाची पत्नी कायदा नाही म्हणून परकी ठरली. हर्नचे चाहते हे प्रकरण घाईने उरकतात. मला तसे करावेसे वाटत नाही, कारण पुढच्या हर्नचा अर्थ या ऋणावाचून लागत नाही.

न्यू ऑर्लिन्समधली दहा वर्षे त्याच्या घडणीची होती. फ्रेंच कथांची भाषांतरे, क्रिओल म्हणी, पाककृती असे पुष्कळ काही त्याने लिहिले. त्या काळची त्याची भाषा मात्र मला अति नटलेली वाटते. विशेषणावर विशेषण चढते आणि मूळ वस्तू खाली दबून जाते. ती भाषा पहिल्यांदा मोकळी झाली ती मार्टिनिक बेटावर.

१८८७ ते १८८९ या काळात तो कॅरिबियन समुद्रातील या फ्रेंच बेटावर, सेंट-पिएर शहरात राहिला. ‘टू इयर्स इन द फ्रेंच वेस्ट इंडीज’ हे त्याचे पुस्तक १८९० मध्ये निघाले. माझ्या मते प्रवासवर्णन म्हणून त्याचे हेच सर्वांत सकस पुस्तक होय. डोक्यावर शंभर पौंडांहून अधिक ओझे घेऊन अनवाणी डोंगर ओलांडणाऱ्या बायका, नदीच्या दगडांवर कपडे आपटणाऱ्या धोबिणी, घाटवाटांवरच्या मारियेच्या नि संतांच्या लहान देवळ्या आणि त्यांत रात्री लागणारे दिवे हे सारे त्यात आहे. ज्याला कॅथलिक घरात गुदमरल्यासारखे झाले, तो या गरीब कॅथलिकांच्या रस्त्यावर मोकळा श्वास घेतो. ‘अं रव्हनाँ’ या प्रकरणात तर फादर लाबा या डोमिनिकन धर्मगुरूंच्या भुताची कथा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी साखरेचे मळे चालविणारे, गुलाम बाळगणारे हे धर्मगुरू कंदील घेऊन रात्री डोंगरावर हिंडतात, अशी तेथल्या लोकांची समजूत. हर्न लाबांची क्रूरता झाकत नाही आणि त्यांचे कर्तृत्वही नाकारत नाही. गुलामांचे नातवंड त्या कंदिलाकडे बोट दाखविते आणि तो ऐकून घेतो.

त्यातील ‘ला व्हेरेत’ हे प्रकरण तर शक्य असेल त्याने मिळवून वाचावे. शहरात देवीची साथ आणि त्याच वेळी कार्निव्हल. मार्टिनिकमध्ये कार्निव्हल इतर ठिकाणांहून एक दिवस अधिक चाले, राखेच्या बुधवारीही मुखवटे रस्त्यावर येत. ताप अंगात असलेली माणसे मुखवटा चढवून नाचात शिरत. समोरच्या घरात इझोर नावाची एक बाई राहत असे. मद्रासचे म्हणून ओळखले जाणारे चौकटीचे डोक्याचे रुमाल पिवळ्या रंगाने रंगविणे हा तिचा धंदा. नवरा सोडून गेलेला, पदरात मुले. ती देवीने जाते. हर्न येथे एकही मोठा शब्द वापरत नाही. शेजाऱ्याने शेजारचे लिहावे तसे तो दिवसांच्या नोंदीत लिहितो. ८ मे १९०२ रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी सकाळी पेले पर्वताचा स्फोट झाला आणि सुमारे अठ्ठावीस हजार माणसांसह सेंट-पिएर काही मिनिटांत संपले. त्या शहराचे आवाज, वास आणि फेरीवाल्यांच्या हाका आज वाचायच्या तर या पुस्तकाशिवाय फारसे काही हाती लागत नाही.

१८९० मध्ये तो एका मासिकासाठी जपानला गेला. मासिकाशी भांडण होऊन तो तेथेच राहिला व मात्सुए गावी शिक्षक झाला. तेथे त्याला सेत्सु भेटली, उतरती कळा लागलेल्या सामुराई घराण्यातली मुलगी. दोघांनी आपली एक मोडकीतोडकी भाषा तयार केली होती. सेत्सुने आठवणींत सांगितले आहे, की जुन्या गोष्टी सांगताना तिने पुस्तक पाहून वाचलेले त्याला चालत नसे. तिच्याच शब्दांत, तिला उमगलेले सांग, असा त्याचा आग्रह असे. ‘क्वैदान’मधील ज्या भुतांच्या कथा जगभर गेल्या, ज्यांच्यावर १९६४ मध्ये मासाकी कोबायाशी यांनी चित्रपट काढला, त्या निम्म्या सेत्सुच्या आहेत. पुस्तकावर तिचे नाव नाही, हेही सांगून टाकले पाहिजे.

येथे हर्नने पूर्वीची चूक पुन्हा होऊ दिली नाही. आपण ब्रिटिश प्रजाजन राहिलो तर आपल्यामागे पत्नीचे व मुलांचे हक्क धोक्यात येतील हे लक्षात येताच १८९६ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतले, पत्नीच्या घराण्यात दाखल झाला आणि कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. जगाने याला पूर्वेच्या मोहाचे लक्षण मानले. मला त्यात रोझाची न केलेली सही आणि मॅटीचा न मानलेला विवाह दिसतो. या खेपेस कागद पक्का केला गेला.

त्याच्या जपानी लेखनाचा एक भाग आज टाकावू झाला आहे, हे मान्य करण्यात काही बिघडत नाही. हर्बर्ट स्पेन्सरच्या तत्त्वज्ञानाचे त्याला वेड होते, आणि वंशपरंपरेने उतरणाऱ्या स्मृती, वंशांचे स्वभाव वगैरे विषय निघाले, की तो पानेच्या पाने बहकतो. उलट ‘कोकोरो’ या पुस्तकातील कुमामोतो स्टेशनावरचा प्रसंग घ्या. पोलिसाचा खून केलेला माणूस चार वर्षांनी पकडून आणला आहे. अधिकारी गर्दीतून त्या पोलिसाच्या विधवेला पुढे बोलावतो. तिच्या पाठीशी बांधलेले, बापाचे तोंडही न पाहिलेले मूल त्या खुन्याकडे टक लावून पाहते आणि खुनी जमिनीवर कोसळून रडू लागतो. दोन-तीन पानांचा हा मजकूर आहे. हर्न माणसाजवळ उभा असतो तेव्हा तो मोठा लेखक आहे. संस्कृतींची तुलना करायला तो उंचावर चढला, की त्याला धूसर दिसू लागते.

आता त्या प्रकरणाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. हर्न २६ सप्टेंबर १९०४ रोजी तोक्योत वारला. त्याच सुमारास त्याचे ‘जपान : ॲन अटेम्प्ट ॲट इंटरप्रिटेशन’ हे पुस्तक बाहेर आले. त्यातील एका प्रकरणाचे नावच ‘द जेझुइट पेरिल’, म्हणजे येशूसंघीयांचे संकट, असे आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जपानी समाज पूर्वजपूजेवर उभा होता. परक्या धर्मगुरूंनी ती पूजाच मोडायला घेतली आणि राजसत्तेतही हात घातला. ते यशस्वी होते तर समाज कोसळला असता आणि परकीय सत्तेला वाट मोकळी झाली असती. म्हणून झालेला छळ कितीही भयंकर असला, तरी ती राज्याने केलेली आत्मरक्षा होती.

हे वाचून आपण एकदम चवताळून उठू नये. वसईच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला तरी क्रूस आणि तोफ एकाच गलबतातून उतरले हे कोणी नव्याने सांगायला नको. गोव्यातील इन्क्विझिशनची आठवणही आपण पुसू शकत नाही. १५९६ मध्ये जपानच्या किनाऱ्यावर फुटलेल्या ‘सान फेलिपे’ या स्पॅनिश जहाजाच्या प्रकरणातून हिदेयोशीच्या मनात भीती भरली, आणि तीतूनच पुढचा सारा अनर्थ झाला. भीतीला कारण होते एवढे हर्नचे खरे. पण त्याच्या विवेचनात ज्यांना मारले ती माणसे कोठे आहेत? त्या सव्वीसांत परदेशी होते अवघे सहा, आणि त्या सहांपैकी एक, संत गोन्सालो, पोर्तुगीज बाप आणि वसईची आई यांच्या पोटी जन्मलेले, दोन किनाऱ्यांच्या मधले, जपानी उत्तम बोलणारे दुभाषे. उरलेले वीस जपानीच होते, बहुतेक साधी प्रापंचिक माणसे, त्यांत काही कोवळी मुले. आयरिश बाप आणि ग्रीक आई यांच्या मध्ये हेलकावे खाल्लेल्या हर्नला संत गोन्सालो परके वाटायचे कारण नव्हते. या प्रकरणात तो इझोरचा शेजारी राहत नाही. जेनने घाबरवलेला मुलगा होऊन तो लिहितो.

आणि त्याच्या मूळ प्रमेयाला उत्तर त्याच्याच दाराशी होते. सतराव्या शतकात धर्मगुरू संपले. संशयितांना पवित्र प्रतिमांवर पाय ठेवायला लावीत. तरीही नागासाकीच्या परिसरातील खेड्यांत दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूवाचून श्रद्धा टिकली. बाप्तिस्मा देणारा माणूस गावातलाच, सणांचा हिशेब ठेवणारा गावातलाच. लॅटिन प्रार्थना बापाने मुलाला तोंडी शिकवल्या, अर्थ पुसट झाला तरी आवाज सोडला नाही. बाळाला घेतलेल्या कान्नोन देवीच्या मूर्तीपुढे ते मनात मारियेला आळवीत. पूर्वजांशी इमान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे जमणार नाही असे हर्नने ठरवून टाकले होते. या खेड्यांत ते दोन्ही एकच होऊन बसले होते. पूर्वजांनी जपले म्हणून ते जपत राहिले. १७ मार्च १८६५ रोजी ओउरा येथील नव्या चर्चमध्ये काही खेडूत फादर पेतिझाँ यांच्याजवळ आले, तेव्हा ही गोष्ट जगाला कळली. त्यानंतरही तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांना घरादारांतून काढून दूरदूर पाठविण्यात आले. त्यांतील दीडशेवर माणसे त्सुवानो येथे कोंडली होती, आणि तीसहून अधिक तेथेच मेली. त्सुवानो हे शिमाने प्रांतातले गाव, आणि हर्नचे लाडके मात्सुए ही त्याच प्रांताची राजधानी. बंदी उठली १८७३ मध्ये. हर्न तेथे आला तेव्हा ही माणसे जिवंत होती, सांगण्यासारख्या वयाची होती. मागे येणाऱ्या मृतांवर इतके लिहिणाऱ्या या लेखकाने त्यांच्यातल्या एखाद्या म्हातारीजवळ बसून तिची गोष्ट ऐकून घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता पुन्हा मिसुमीची ती खानावळ. लेखाचे नाव ‘द ड्रीम ऑफ अ समर डे’. समोर पाणी, दूर निळे डोंगर. खानावळीला नाव उराशिमाचे, म्हणून हर्न समुद्राखालच्या राजवाड्यात जाऊन आलेल्या त्या कोळ्याची जुनी कथा सांगू लागतो, आणि सांगता सांगता थांबतो. त्याला एक जागा आठवते, एक काळ आठवतो. तेथे चंद्रसूर्य अधिक मोठे होते, आकाश अधिक जवळ होते, आणि केवळ त्याला आनंद कसा होईल एवढेच पाहणारी एक व्यक्ती त्या साऱ्यावर राज्य करीत होती. ती व्यक्ती म्हणजे त्याची आई, हे वाचकाच्या लक्षात येते. तो नाव घेत नाही. सेत्सु त्या वेळी गरोदर होती, नोव्हेंबरात तिला पहिला मुलगा झाला.

मिसुमीसमोर जो समुद्र आहे, त्याच्या पलीकडे अमाकुसा बेटे आहेत. तेथेही ती दडलेली ख्रिस्ती खेडी होती. ओउराच्या चर्चमध्ये जे खेडूत पहिल्यांदा आले, त्यांनी फादरांना विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की मारियेची मूर्ती कोठे आहे.